ओरेम खाडीकाठचा निवारा : ऑक्टोबर २०२३ ते जुलै २०२४ या काळातील प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार

आज मळ्यातील जागेची पहिली पाहणी केली. पणजीच्या मळा आणि फोंतेन्हास या जुन्या वस्त्यांच्या पूर्वेला ओरेमची खाडी आहे आणि ती पाटोच्या पुलाखालून जाऊन मांडवीला मिळते. रस्ता आणि खाडीची संरक्षक भिंत यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी उरली आहे, तिच्यावर एका वळणाशी चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, तीन भिंती उभ्या आहेत. छप्पर केव्हाच गेले आहे. पश्चिम, उत्तर आणि दक्षिण या तीन बाजू बंद असून पाण्याकडची पूर्व बाजू उघडी आहे. जोते ३.६ मीटर लांब आणि २.७ मीटर रुंद भरले. समोरच्या संरक्षक भिंतीतून खाली उतरणाऱ्या सात पायऱ्या आहेत; त्यांपैकी वरच्या चार दिसतात, बाकीच्या गाळात चाचपून मोजाव्या लागल्या.

आत गुडघाभर कचरा साचला आहे. प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाची सोडणे आणि त्यावर चतुर्थीतल्या माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीच्या) सुकलेल्या फांद्या असे थर दिसले, त्यामुळे कोणत्या महिन्यात काय टाकले गेले हे वाचता येत होते. परिसरातील रहिवाशांच्या एका लहान गटाने हे काम माझ्याकडे सोपवले आहे. त्यांच्या मागण्या तीन आहेत : संध्याकाळी टेकायला जागा व्हावी, पावसात आडोसा मिळावा आणि इथे कचरा पडणे थांबावे. तिसरी मागणी सर्वांत अवघड आहे आणि पहिल्या दोन मागण्यांचे उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे, असे मला पहिल्याच दिवशी वाटले.

१६ ऑक्टोबर २०२३, सोमवार

परवा अमावास्या होती, म्हणजे हे उधाणाचे दिवस आहेत. संरक्षक भिंतीला रंगाच्या खुणा केलेली लाकडी पट्टी बांधून मी पहाटेपासून नोंद घेतली. भिंतीच्या माथ्यावर ठोकलेला एक खिळा शून्य धरला आहे आणि सगळी मापे तिथून खाली मोजली आहेत. दुपारी बारा वाजून गेल्यावर पाणी सर्वांत वर, म्हणजे खिळ्याखाली ५४ सेंटिमीटरवर आले. संध्याकाळी सहानंतर ते इतके उतरले की पट्टीच्या खालच्या टोकाशी केवळ गाळ उरला. मुरगाव बंदरासाठी भारतीय सर्वेक्षण विभाग जे भरती-ओहोटीचे वेळापत्रक प्रसिद्ध करतो, त्याच्याशी वेळा ताडून पाहिल्या. खाडीतले पाणी किंचित उशिरा फिरते. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणात भरती आणि ओहोटी यांतला फरक सुमारे दोन मीटरचा असतो आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत तो निम्म्यावर येतो.

नकाशावर खाडीचा काठ एका रेघेने दाखवतात. प्रत्यक्षात तो दोन मीटर उंचीचा पट्टा आहे आणि दिवसातून दोनदा बुडून दोनदा उघडा पडतो. या पट्ट्यात जे काही ठेवायचे त्याचे आयुष्य वरच्या कोरड्या भागापेक्षा वेगळे असणार, हे आराखड्याच्या पहिल्या कागदावरच लिहून ठेवले आहे.

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

आज काहीही न मोजता सकाळी सहा ते दहा आणि पुन्हा चार ते सात असे नुसते बसून राहिले. पाग (फेकून टाकायचे मासेमारीचे जाळे) टाकणारे एक वयस्क गृहस्थ सकाळी भरतीच्या वेळी आले. पायऱ्यांच्या डाव्या कडेला, जिथे चिऱ्याची धार अजून शाबूत आहे, तिथेच त्यांनी पाय रोवला. मी उजवीकडून उतरू लागले तेव्हा ते म्हणाले, "बाये, हांगा पांय निसरता." खरोखरच त्या बाजूला हिरवट शेवाळाचा पातळ थर होता आणि तो फक्त तिरक्या उन्हात दिसत होता. पाग झटकल्यावर दोन लहान कुर्ल्या निघाल्या. त्या त्यांनी परत पाण्यात सोडल्या. पायऱ्यांचा उपयोग अजून चालू आहे, ही गोष्ट कोणत्याही मागणीपत्रात आलेली नव्हती.

वाऱ्याचीही नोंद घेतली. दुपारनंतरचा समुद्राकडचा वारा पश्चिमेकडून येतो आणि घरांवरून खाडीकडे जातो, म्हणून संध्याकाळी ओहोटी असूनही बसणाऱ्याला दुर्गंधी फारशी जाणवत नाही. पहाटेचा जमिनीकडचा वारा नेमका उलटा वाहतो आणि तेव्हा उघड्या गाळाचा व शेजारच्या गटाराच्या तोंडाचा वास थेट आत येतो. गटाराचे पाणी स्वच्छ करणे या छपराच्या हातात नाही आणि मी तसे कोणालाही भासवणार नाही.

कचरा पडताना मी स्वतः पाहिला. रस्त्याच्या बाजूची पश्चिमेची भिंत आंधळी आहे. त्यामुळे तिच्या मागे काय चालते ते रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही, आणि पिशवी टाकणाऱ्याला नेमका हाच आडोसा हवा असतो.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार

पहिला आराखडा आज रद्द केला. त्यात पाण्यावर पुढे झुकलेला, बारीक काँक्रीटच्या खांबांवर उभा असा हलका मंडप होता आणि कागदावर तो देखणा दिसत होता. तो रद्द करण्याची कारणे इथे नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते, कारण असाच आराखडा उद्या दुसरा कोणी काढील.

पहिले कारण कायद्याचे आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या २०११ च्या अधिसूचनेनुसार भरतीचे पाणी जिथवर पोहोचते अशा खाडीच्या काठाला १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यांतील जे कमी असेल तेवढे अंतर नियमनाखाली येते. शहराच्या बांधलेल्या भागातही अस्तित्वातील रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूलाच नव्या इमारतीला वाव असतो. जुन्या अधिकृत बांधकामाची, उपयोग न बदलता, पुनर्बांधणी करता येते. म्हणजे पाण्याकडे पुढे सरकण्याचा विचार सोडून आहे त्याच जोत्यावर, आहे त्याच उपयोगासाठी काम करणे हाच मार्ग उरतो. शिवाय पायऱ्यांच्या उत्तरेला तिवराची रोपे धरली आहेत आणि त्यांची श्वसनमुळे गाळातून वर आली आहेत. त्यांच्यात खांब रोवण्याची कल्पना मलाच पटेना.

दुसरे कारण काँक्रीटचे आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील बांधकाम सर्वांत तीव्र वर्गात मोडते. तिथे किमान एम ४० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ७५ मिलिमीटरचे आवरण लागते. मी दाखवलेला खांब २३० मिलिमीटरचा होता. दोन्ही बाजूंचे आवरण वजा केले की मध्ये ८० मिलिमीटर उरतात आणि त्यांत सळया नीट बसत नाहीत. खाऱ्या पाण्यात बारीक खांब काढणे म्हणजे काही वर्षांत गंजून फुटणारा खांब काढणे होय.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या मंडपाचा एक खांब तडकला असता, तर तो दुरुस्त करण्याचे साधन, पैसा किंवा कौशल्य मळ्यातील कोणाही रहिवाशापाशी नव्हते.

१० डिसेंबर २०२३, रविवार

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेले. खाजन शेतीचे बांध आणि मानस पुन्हा एकदा नीट पाहायचे होते. गोव्यातील खाजन जमिनी खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या असतात, आणि बांधातील मानस म्हणजे पाण्याच्या दाबानेच उघडझाप करणारे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाब देऊ लागले की दार बंद होते आणि ओहोटीत आतले पाणी ढकलू लागले की ते उघडते.

मानशीकडे मी लहानपणापासून पाहत आले आहे, परंतु आज लक्ष गेले ते तिच्या बनावटीतील विभागणीकडे. दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या भिंती जाड आणि कायमच्या आहेत. दार मात्र लाकडी आहे, आणि ते कुजणार व बदलावे लागणार हे धरूनच केलेले आहे. दाराच्या फळीच्या कडेला बोटाने दाबले तर लाकूड मऊ लागत होते. तिच्याच शेजारची फळी नवी, पिवळसर, अजून रंध्याच्या खुणा असलेली होती. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होतो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी करण्याची रीत आहे. म्हणजे बांधकाम आणि ते सांभाळण्याची सोय या दोन्हींचा विचार एकदमच झालेला आहे. आमच्या निवाऱ्याला उत्पन्न नाही, लिलावही नाही, परंतु झिजणारा भाग कोणता, तो किती दिवसांनी बदलायचा आणि कोणाच्या हातून, हे प्रश्न तेच आहेत.

परतताना फेरीबोटीत नवा छेद, म्हणजे उभा काप दाखवणारे चित्र, काढला. वरच्या चार पायऱ्या चिऱ्याच्या राहतील. भरतीत बुडणाऱ्या खालच्या तीन पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना चिऱ्यात खाचा कोरून त्यांत लाकडी फळ्या बसवायच्या, आणि त्या पाचरांनी घट्ट करायच्या, म्हणजे हातोडीच्या दोन घावांत सुटतील. दोन फळ्यांमध्ये दोन सेंटिमीटरची फट ठेवायची. त्यामुळे पाणी आरपार जाईल आणि सपाट दगडावर साचतो तसा गाळ तिथे साचणार नाही.

७ जानेवारी २०२४, रविवार

साहित्याचा निर्णय झाला. मुख्य साहित्य चिराच आहे. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. खाऱ्या पाण्यात तो टिकतो का, या शंकेचे उत्तर पणजीतच आहे : पाटो ते रायबंदर हा सुमारे तीन किलोमीटरचा जुना सेतूमार्ग १६३३-३४ च्या सुमारास बांधला गेला आणि आजही त्यावरून वाहतूक चालते. चिऱ्याचे खरे नुकसान होते ते सतत ओल्या भागात नव्हे, तर वरच्या पट्ट्यात, जिथे तो खाऱ्या पाण्याने भिजतो आणि पुन्हा सुकतो. पाणी उडून जाते, क्षार आत राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि पृष्ठभाग भुकटी होऊन गळतो. आमच्या उत्तर भिंतीवर जमिनीपासून दोन वितींपर्यंत हेच झाले आहे. नख लावले की लाल भुकटी हातात येते.

म्हणून सांध्यांत चुना, सुरखी (विटांची पूड) आणि रेती यांचाच गिलावा वापरायचा. सिमेंट चिऱ्यापेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र असते. ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकला नाही की तो दगडातून पडतो आणि झीज दगडाची होते. चुन्याचा सांधा आधी झिजतो, आणि सांधा पुन्हा भरणे हे चिरा बदलण्यापेक्षा फार सोपे आहे.

छपराला मोडीतल्या जुन्या घराचे सागवानी वासे आणि मंगळुरी कौले घ्यायची आहेत. अशा कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली मंगळुरात बासेल मिशनने काढला आणि तेव्हापासून हे कौल साऱ्या कोकणपट्टीला परिचयाचे आहे. एखादे फुटले तर कोणीही शिडी लावून बदलू शकतो. परंतु तीन बाजू बंद आणि एक उघडी असलेली इमारत वाऱ्याच्या दृष्टीने वाईट असते. उघड्या बाजूने शिरलेला वारा छपराला आतून वर ढकलतो आणि वरून जाणारा वारा त्याच वेळी ओढतो. आयएस ८७५ या बांधकामावरील भारांच्या भारतीय मानकात पणजीसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे, आणि मे २०२१ मधील तौक्ते वादळात गोव्यात किती कौले उडाली ते आम्ही सर्वांनी पाहिले आहे. यासाठी भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामध्ये ३० सेंटिमीटरची मोकळी जागा ठेवली आहे, वासे भिंतीत खोल गेलेल्या गंजरोधक पट्ट्यांना बांधायचे आहेत आणि कडेच्या ओळींतील प्रत्येक कौल तारेने रिपेला आवळायचे आहे.

पश्चिमेच्या आंधळ्या भिंतीत १.५ मीटर रुंदीची खिडकी पाडायची आहे. तिचा उंबरा बैठकीच्या उंचीवर असेल, म्हणजे रस्त्यावरून चालणाऱ्याला आरपार खाडी दिसेल. नैऋत्येचा पाऊस याच बाजूने येतो, म्हणून या बाजूची पागोळी ७५ सेंटिमीटर पुढे काढली आहे. इतके करूनही आषाढात थोडे पाणी आत येईल. ते पत्करून नजर मोकळी ठेवावी, हा माझा निर्णय आहे आणि गटाला तो कारणांसह समजावून सांगितला आहे.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

बैठकीचा नमुना पूर्ण आकारात करून पाहिला. कल्पना गोव्यातील घरांच्या बाल्कांवाची आहे : दाराबाहेरच्या छपरीखाली समोरासमोर दोन सोपे (बांधीव बाके), घरातले माणूस आणि रस्त्यावरचे माणूस यांची गाठ पडण्याची जागा. इथे एक बैठक खिडकीच्या उंबऱ्यालाच जोडली आहे, त्यामुळे तिच्यावर रस्त्याकडेही तोंड करून बसता येते आणि पाण्याकडेही. बांबू, सुंभ आणि दोन जुनी दारे वापरून ४२ सेंटिमीटर उंचीची बैठक उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बसायची विनंती केली.

शेजारच्या घरातील आजी बसल्या, परंतु उठताना त्यांनी माझा दंड धरला. बैठक ४६ सेंटिमीटरवर नेली आणि एका टोकाला हात टेकण्यापुरता चिऱ्याचा उंचवटा दाखवणारी पेटी ठेवली, तेव्हा त्या कोणाचाही आधार न घेता उठल्या. शाळेतील मुलांचे पाय मात्र आता लोंबकळू लागले. म्हणून रस्त्याकडची बाजू ४६ वर ठेवून पाण्याकडे एक खालची पायरीवजा बैठक ३५ सेंटिमीटरवर दिली आहे. पाग टाकणारे काकाही तिलाच पसंती देतील असे वाटते, कारण तिथून टोपली हाताशी राहते.

मळ्यातील मारुतीगडाच्या जत्रेत इथे फेरी (दुकानांचा बाजार) भरते तेव्हा हीच बैठक दुकानदारांच्या सामानाखाली जाईल, असा इशारा दोघांनी दिला. त्यावर उपाय शोधण्याचे कारण मला दिसत नाही. जत्रेच्या दिवसांत ती जागा जत्रेची असावी.

१७ मार्च २०२४, रविवार

आवश्यक परवानग्या हातात आल्या. जुन्या जोत्याची मोजमापे, छायाचित्रे आणि आधीचा उपयोग यांची कागदपत्रे पहिल्याच अर्जाला जोडली असल्यामुळे शंका थोड्या निघाल्या. शहरात रस्त्यांची खोदकामे चालू असल्याने चिऱ्यांचा ट्रक वळणापर्यंत येऊ शकत नाही. शेवटचे अंतर हातगाडीने न्यावे लागेल.

२१ एप्रिल २०२४, रविवार

या आठवड्यात एक चूक झाली आणि ती माझ्या आराखड्यातून झाली. मी दोन दिवस जागेवर नव्हते. त्या काळात उत्तर भिंतीचे दोन थर सिमेंटच्या सांध्यात बसवले गेले. गवंड्याचे म्हणणे असे की खालचे थर पाण्याजवळचे आहेत म्हणून तिथे मजबूत माल घातला, आणि त्याने हे सद्भावनेने केले होते. गिलाव्याचे प्रमाण मी वेगळ्या कागदावर लिहिले होते, परंतु भिंतीच्या छेदावर लिहिलेले नव्हते आणि कामावर छेदच वापरला जातो. सांधे अजून ओलसर होते म्हणून छिन्नीने काढता आले. तीन चिरे मात्र कोपऱ्यांत फुटले.

त्यानंतर गवंड्याला घेऊन मी जुन्या भिंतीपाशी गेले. तिथे कोणीतरी पूर्वी सिमेंटने भरलेला एक सांधा आहे. सांध्याची पट्टी जशीच्या तशी उभी आहे आणि तिच्या वरचा-खालचा चिरा बोटभर आत गेला आहे. ते पाहिल्यावर त्याने पुढचा सगळा चुना स्वतःच्या देखरेखीखाली मळून घेतला. चुना सावकाश घट्ट होतो, त्याला रोज थोडे पाणी शिंपडावे लागते आणि जोराचा पाऊस त्याला सुरुवातीच्या दिवसांत सोसत नाही. म्हणून भिंतींचे काम एप्रिलअखेर संपलेच पाहिजे.

९ मे २०२४, गुरुवार

काल अमावास्या झाली, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत खोल जाते. आज पहाटे पाचला विजेऱ्या घेऊन आम्ही चौघे गाळात उतरलो. खाचा कोरण्याचे काम मागच्या उधाणात झाले होते. माट्टीच्या (ऐनाच्या) जुन्या तुळयांतून चिरून काढलेल्या नऊ फळ्या, प्रत्येकी ५० मिलिमीटर जाडीच्या, एकेक करून बसवल्या आणि पाचरी ठोकल्या. सातव्या फळीपाशी पाणी घोट्याला लागले आणि शेवटची फळी आम्ही पाण्याखाली हाताने चाचपून बसवली. फळ्या क्रमाने कोरल्या आहेत, म्हणजे काढल्यावर पुन्हा कोणती कुठे जाते याचा घोळ होणार नाही.

देखभालीचा कागद गटाला दिला. त्यात आठच ओळी आहेत : फळ्या मृगाच्या आधी काढायच्या आणि पाऊस ओसरल्यावर बसवायच्या, सांधे दर दोन वर्षांनी पाहायचे, कौलांच्या तारा दर मे महिन्यात तपासायच्या, अशा स्वरूपाच्या. दोन जादा फळ्या आणि पन्नास कौले बैठकीखालच्या कोनाड्यात ठेवली आहेत. पश्चिमेची खिडकी उघडल्यापासून आत दोनच पिशव्या पडल्या आणि त्या समोरच्या घरातील मुलाने त्याच दिवशी उचलल्या.

७ जुलै २०२४, रविवार

परवा अमावास्या होती आणि पाऊस सलग पडतो आहे. दुपारच्या भरतीत पाणी खिळ्याखाली ३१ सेंटिमीटरवर आले, म्हणजे ऑक्टोबरपेक्षा २३ सेंटिमीटर वर. पावसाचे पाणी खाडीत अडून राहिल्याचा हा परिणाम आहे. छप्पर कोरडे आहे. खिडकीतून येणारे पाणी बैठकीच्या अर्ध्या रुंदीपर्यंत भिजवते, तेवढे अपेक्षित होते. उत्तर भिंतीच्या नव्या सांध्यांत एके ठिकाणी चुना धुपून बोटभर खाच पडली आहे. पाऊस ओसरल्यावर ती भरायची आहे.

फळ्यांची हकीकत वेगळी झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाग टाकणारे काका आणि समोरच्या घरातील मुलगा यांनी त्या काढायला घेतल्या. सहा निघाल्या आणि त्या सुंभाने बांधून कोनाड्यात उभ्या केलेल्या आहेत. उरलेल्या तीन फळ्यांच्या पाचरी फुगून खाचेत अशा आवळल्या की हातोडीने हलेनात. एक पाचर काकांनी कोयत्याने तोडली. दोन फळ्या तशाच राहिल्या आणि त्यांपैकी एक परवाच्या पाण्यात वाहून गेली. ज्या खाचेतून ती गेली, तिथल्या चिऱ्याचा ओठ अंगठ्याएवढा तुटला आहे.

दोष मापाचा आहे. पाचरी मी सुक्या लाकडाच्या मापाने आणि खाचेत पूर्ण भरतील अशा काढल्या होत्या. भिजल्यावर रेषांच्या आडव्या दिशेने लाकूड किती फुगेल याचा अवकाश ठेवला नव्हता. नव्या पाचरी ६ मिलिमीटरने अरुंद करायच्या, त्या बसवण्यापूर्वी आठवडाभर खाडीच्याच पाण्यात भिजत ठेवायच्या आणि प्रत्येकीच्या डोक्याला भोक पाडून दोरी ओवायची, म्हणजे ओढून काढता येतील. काकांनी सुचवले की पाचर वरून न ठोकता पाण्याच्या उलट बाजूने, आडवी ठोकावी. मानशीच्या फळ्यांना तसे करताना त्यांनी पाहिले आहे. सुताराकडे दोन्ही प्रकारच्या चार-चार पाचरी करायला दिल्या आहेत. ऑगस्टमधल्या उधाणाच्या ओहोटीत, उरलेल्या एका फळीवर दोन्ही ठोकून पाहायच्या.